रेनडिअरची दाढ आणि आमच्या वर्गातला विठ्ठल



आज एका पाठाबद्दल लिहिते आहे. पाठ तसा साधाच. पाचवीच्या परिसर अभ्यासात अश्मयुग येतं, तेच शिकवत होते. पण एका मुलाच्या प्रश्नामुळे मी थेट फ्रान्स आणि अलास्कापर्यंत जाऊन आले (मोबाईलवरच हो!), आणि परत येताना माझीच एक चूक हाताला लागली. ती कबूल केल्याशिवाय हा पाठ पूर्ण होणार नाही, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

माझी शाळा बीड जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात आहे. जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकांची. दिवाळी झाली की आमचं गाव अर्धं रिकामं होतं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, टोळ्या निघतात, आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि बरीच पोरंही त्यांच्याबरोबर जातात. पाडव्याच्या आसपास परततात. विठ्ठल (नाव बदललं आहे) त्यांतलाच एक. दरवर्षी चार-पाच महिने नसणारा, मागच्या रांगेत बसणारा, विचारल्याशिवाय न बोलणारा.

पोळा नुकताच झाला होता. मी फळ्यावर लिहिलं, "अश्मयुगीन माणूस शिकारीच्या मागे भटकत असे." आणि पुढे जाणार तेवढ्यात विठ्ठल म्हणाला, "मॅडम, पण जनावरं कुठं जात होती ते कसं कळलं? तेव्हा तर कुणी लिहून ठेवत नव्हतं."

प्रश्न उत्तम होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. अशा वेळी आपण काय करतो? "चांगला प्रश्न आहे, उद्या बघू" म्हणतो. मी तेवढंही केलं नाही. तास संपत आला होता, गोंगाट चालला होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, आधी मागच्या वर्षीचा बुडालेला अभ्यास कर. अर्धं वर्ष तर तू नसतोसच."

पोरं हसली. विठ्ठल खाली बघत बसला. तास संपला.

घरी आल्यावर मात्र त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच, कसं कळलं असेल? मी डी.एड. केलेली बाई, विज्ञान माझं दहावीला सुटलं. तरी दोन-तीन रात्री बसून जे वाचलं आणि समजून घेतलं, ते माझ्या भाषेत तुम्हाला सांगते.

रेनडिअर म्हणजे थंड प्रदेशातलं हरिण. उत्तर अमेरिकेत त्यालाच कॅरिबू म्हणतात. आज ते अलास्का, कॅनडा, नॉर्वे, सायबेरिया अशा भागांत दिसतं. पण हिमयुगात युरोप एवढा गारठलेला होता की रेनडिअरचे कळप पार दक्षिण फ्रान्सपर्यंत चरत होते. तिथल्या गुहांत आणि वस्त्यांत त्यांची इतकी हाडं सापडतात की एकोणिसाव्या शतकात लार्ते नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने त्या काळाला "रेनडिअरचं युगच" म्हटलं होतं. मांस, कातडी, शिंगांची हत्यारं, हाडांच्या सुया, सगळं त्या एका जनावरातून मिळायचं.

आजचे कॅरिबूचे काही कळप वर्षाला हजार किलोमीटरहून जास्त चालतात. हिवाळ्यात एकीकडे, उन्हाळ्यात विण्यासाठी दुसरीकडे. मग हिमयुगातलेही असेच चालत असतील का? की तेव्हा जवळपासच फिरत असतील? यावर अभ्यासकांचे बरेच वाद झाले. कारण आजचं जनावर असं वागतं म्हणून हजारो वर्षांपूर्वीचंही तसंच वागत असेल, असं धरून चालता येत नाही. पुरावा लागतो. आणि पुरावा म्हणून हातात काय आहे? चुलीपाशी टाकलेली हाडं, शिंगं आणि दात.

पहिली गोष्ट हाडांवरून कळते ती म्हणजे "कधी". दात कोणत्या वयात येतात आणि किती झिजतात हे ठाऊक असतं. रेनडिअरची पिल्लं वसंताच्या अखेरीस, साधारण एकाच सुमाराला जन्मतात. त्यामुळे जबड्यावरून पिल्लाचं वय पाच महिने निघालं तर शिकार शरदात झाली, असा सरळ हिशोब मांडता येतो. शिंगंही मदत करतात. रेनडिअरमध्ये मादीलाही शिंगं असतात. मोठ्या नरांची शिंगं माजाचा हंगाम संपल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाशी गळतात. गाभण मादीची मात्र हिवाळाभर टिकतात आणि वितानाच्या सुमारास गळतात. म्हणजे एखाद्या माळावर माद्यांची गळलेली शिंगं भरपूर सापडली, तर तिथे त्या विण्यासाठी येत होत्या असा अंदाज बांधता येतो.

पॅरिसच्या आग्नेयेला सीन नदीच्या काठी पँसवाँ नावाची जागा आहे. १९६४ मध्ये तिथे उत्खनन सुरू झालं. बारा हजारांहून जास्त वर्षांपूर्वी शिकारी लोक तिथे राहून गेले होते. हाडांवरून कळलं की त्यांनी रेनडिअर मारले ते मुख्यतः शरद ऋतूत. म्हणजे कळप नदी ओलांडून जाण्याची वेळ त्या लोकांना ठाऊक होती. अभ्यासकांनी तिथली हाडं जुळवून पाहिली, तेव्हा एकाच जनावराचे तुकडे वेगवेगळ्या चुलींपाशी निघाले. म्हणजे शिकार वाटून खाल्ली जात होती. हे सांगितलं तेव्हा माझ्या वर्गातल्या पोरी म्हणाल्या, "वाटे घातले असतील, मॅडम!" बरोबर, वाटेच.

पण "कुठून कुठे" हे कसं कळणार? इथे दाढ कामाला येते.

खडकांत स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं. त्याचे अणू वेगवेगळ्या वजनाचे असतात. त्यांतले ८७ आणि ८६ वजनाचे अणू एकमेकांच्या तुलनेत किती आहेत, हे खडकागणिक बदलतं. जुन्या ग्रॅनाइटमध्ये रुबिडियम भरपूर असतं आणि त्याचं अतिशय सावकाश ८७ वजनाच्या स्ट्रॉन्शियममध्ये रूपांतर होत राहतं, म्हणून तिथे ८७ चं प्रमाण जास्त. समुद्रात तयार झालेल्या चुनखडीत ते कमी. खडकाची माती होते, मातीतून ते गवतात जातं, गवतातून जनावराच्या पोटात. स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमचं भावंडं असल्यासारखं वागतं, त्यामुळे शरीर ते कॅल्शियमबरोबर हाडांत आणि दातांत बसवून टाकतं. थोडक्यात, जनावर ज्या मातीवर चरलं तिची खूण दातात राहते.

मग हाड का नाही, दातच का? कारण हाड आयुष्यभर झिजतं आणि पुन्हा भरतं, जुनी नोंद पुसली जाते. शिवाय जमिनीत पुरलेलं हाड आजूबाजूच्या मातीतलं बरंच काही शोषून घेतं. दाताचं वरचं चकचकीत आवरण मात्र घट्ट असतं. ते एकदा तयार झालं की बदलत नाही. आणि ते एकदम तयार होत नाही. दाढेच्या टोकाकडून मुळाकडे हळूहळू बनत जातं. रेनडिअरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेत मिळून पिल्लाच्या सुरुवातीच्या दीड-एक वर्षाची नोंद होते. टोकाला आधीचे महिने, मुळाकडे नंतरचे.

संशोधक त्या आवरणाचे टोकापासून मुळापर्यंत बारीक आडवे पट्टे घेतात. एकेक पट्टा आम्लात विरघळवतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रात अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजतात. आकडा दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या घरात हलतो. आजच्या समुद्राच्या पाण्याचा ०.७०९२ आहे, त्यावरून कल्पना करा. आपल्या पोरांना दशांश अपूर्णांक "कशाला शिकायचे" असं वाटतं ना, त्यांना हे उदाहरण जरूर द्या.

त्याच दातातला ऑक्सिजनही मोजतात. तो प्यायलेल्या पाण्यातून येतो. थंडीतल्या बर्फाच्या पाण्यात हलका ऑक्सिजन तुलनेने जास्त, उन्हाळ्याच्या पाण्यात कमी. म्हणजे एकाच दाढेत ऑक्सिजन ऋतू सांगतो आणि स्ट्रॉन्शियम जमीन सांगतो. वहीत तारीख आणि गाव दोन्ही लिहिल्यासारखं.

केट ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र आधी आजच्या कॅरिबूंवर तपासलं, हे मला फार आवडलं. अलास्कातल्या एका कळपाचा येण्याजाण्याचा रस्ता ठाऊक होता. त्या कळपातल्या जनावरांचे दात तपासले आणि दातातला चढउतार त्या माहीत असलेल्या प्रवासाशी जुळतो का ते पाहिलं. जुळला. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. उत्तर माहीत असलेलं गणित आधी सोडवून पाहायचं, मगच अवघड गणिताला हात घालायचा. आपण वर्गात हेच सांगतो की!

मग त्या जुन्या दातांकडे वळल्या. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये जोंझाक नावाचं गाव आहे. तिथे निअँडरथल माणसांनी, म्हणजे आपल्या पुस्तकातल्या शक्तिमान मानवाने, मारलेल्या रेनडिअरच्या हाडांचा मोठा साठा सापडला. निअँडरथल सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी नामशेष झाले आणि हा थर त्याच्याही कितीतरी आधीचा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तपासलेल्या रेनडिअरच्या दाढांत स्ट्रॉन्शियमचा आकडा वर जातो, खाली येतो, आणि वेगवेगळ्या जनावरांत हा चढउतार एकसारखा आहे. म्हणजे ती ऋतूप्रमाणे एका प्रकारच्या जमिनीवरून दुसऱ्या प्रकारच्या जमिनीवर जात होती, आणि बहुधा एकाच कळपातली होती. तिथल्याच बायसनच्या दातात तसा चढउतार दिसला नाही.

यावरून नकाशावर रेघ मारून "हाच रस्ता" असं सांगता येत नाही. दोन लांबच्या ठिकाणी खडक सारखाच असेल तर दात दोन्हींत फरक करत नाही. पण एवढं नक्की कळतं की कळप ठरलेल्या वेळी तिथून जात होता आणि माणसं ती वेळ साधत होती.

इथे मी थांबले. मी फळ्यावर "भटकत असे" लिहिलं होतं. भटकणं म्हणजे दिशा नसणं. पण कळप ठरल्या ऋतूत जात होते, माणसं ठरल्या ऋतूत वाट अडवून बसत होती. त्यात भटकणं कुठे आलं?

सोमवारी वर्गात गेल्यावर मी आधी विठ्ठलला म्हटलं, "परवा तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं, म्हणून मी चिडले. तुझं चुकलं नव्हतं, माझं चुकलं." वर्ग एकदम शांत. पोरांना बाईंनी चूक कबूल करायची सवय नसते.

मग विचारलं, "जनावराचं वय कसं ओळखायचं, कुणाला माहीत आहे?"

विठ्ठलचा हात वर गेला. "दात बघायचे. दुधाचे दात असले तर आदत. पुढचे दोन पडून पक्के आले की दुसा. चार आले की चौसा. मग सहा, मग आठ झाले की जुळला. आन् बैलाला वरच्या जबड्यात पुढं दातच नसतेत."

पाच मिनिटं तो बोलत होता, आणि बैलबाजारातल्या माणसासारखा आत्मविश्वासाने. रेनडिअरलाही वर पुढे दात नसतात, तेही रवंथ करणारं जनावर, एवढी भर मी घातली. "हाडं तपासणारे शास्त्रज्ञ पहिली गोष्ट हीच करतात," म्हटल्यावर पोरं त्याच्याकडे वळून बघायला लागली.

त्यानंतर आम्ही जो उपक्रम केला तो तुमच्याही वर्गात सहज होईल. पाण्याच्या रिकाम्या पारदर्शक बाटल्या घ्या. प्रत्येक बाटली म्हणजे एक दाढ. पांढऱ्या खडूची पूड म्हणजे चुनखडीचा प्रदेश, विटेचा लाल चुरा म्हणजे ग्रॅनाइटचा. एका गटाला चिठ्ठीवर कळपाचा प्रवास लिहून द्यायचा: हे चार महिने इथे, मग दोन महिने वाटेत, मग तिकडे. दर महिन्याला एक चमचा पूड टाकायची. वाटेतल्या महिन्यात दोन्ही मिसळायचं. मग बाटल्या दुसऱ्या गटाला द्यायच्या आणि नुसत्या थरांवरून प्रवास ओळखायला सांगायचा. दोन बाटल्यांचे थर सारखे असतील तर ते एका कळपातले. एकाच रंगाची बाटली म्हणजे जागच्या जागी राहणारा बायसन. थर तळापासून वाचायचे आणि तळ म्हणजे दाढेचं टोक, हे मात्र आधी नीट समजावून सांगा. आमचा तिथे पहिल्यांदा गोंधळ झाला.

शेवटी मी म्हटलं, "आता प्रत्येकाने स्वतःची बाटली भरा. तुम्ही कुठे कुठे राहिलात त्याप्रमाणे." आपल्याही पक्क्या दाढांची आवरणं लहानपणीच बनतात. दुसरी दाढ साधारण तिसऱ्या वर्षापासून सात-आठव्या वर्षापर्यंत. म्हणजे बालवाडी आणि पहिली-दुसरीचे दिवस पोरांच्या दाढेत आहेत.

विठ्ठलने अंगणातली काळी माती आणली आणि तळापासून तोंडापर्यंत बाटली भरून टाकली. मला वाटलं त्याला समजलं नाही. मी म्हटलं, "अरे, तू तर दरवर्षी कोल्हापूरकडे जातोस. वेगळा थर कुठाय?"

"मॅडम, इथंबी काळीच आन् तिकडंबी काळीच."

काय बोलणार? पोराचं बरोबर होतं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग एकाच प्रकारच्या काळ्या कातळाचा, लाव्हारसातून झालेला. पूर्व विदर्भ किंवा सिंधुदुर्गाकडे गेलो तर जुने, वेगळे खडक लागतात. कातळाच्या थराथरांत थोडाफार फरक असला, तरी बीड ते कोल्हापूर हा प्रवास दातातून ओळखणं फार अवघड. सहा वर्षं पोर जातंय-येतंय आणि दाढही ते धड सांगणार नाही.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "पण पाणी वेगळं लागतं तिकडचं. आपल्याकडं टँकरचं. तिकडं नदीचं, गोड."

"ऑक्सिजन!" पहिल्या बाकावरची पोरगी ओरडली. पाण्यातून ऑक्सिजन येतो हे तिच्या लक्षात राहिलं होतं.

त्या संध्याकाळी मी मागच्या तीन वर्षांचं हजेरीपत्रक काढून बसले. विठ्ठलच्या नावापुढे कार्तिकापासून चैत्रापर्यंत नुसत्या गैरहजेरीच्या खुणा. चार-साडेचार महिने पोर कुठे होतं, काय बघत होतं, काय शिकत होतं, याची नोंद शाळेत कुठेच नाही. माझ्या लेखी तो भाग कोरा. एका हरणाच्या पिल्लाने हजारो वर्षांपूर्वी कुठलं गवत खाल्लं हे शोधायला माणसं किती कष्ट घेतात, आणि माझ्या समोरच्या पोराला मी कधी विचारलंही नव्हतं की फडावर तू दिवसभर काय करतोस.

मी विठ्ठलच्या वडिलांना भेटले. यंदा त्याला आजीजवळ ठेवा, हंगामी वसतिगृहाचंही बघू, असं सुचवलं. ते म्हणाले, "आजीलाच दिसत नाही, मॅडम. आन् बारकीला कोण सांभाळणार फडात?" धाकटी बहीण दोन वर्षांची. दोघं ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, तेव्हा तिला विठ्ठल सांभाळतो. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं. दिवाळी झाली आणि तो गेला.

जाताना मी त्याला दोनशे पानी वही दिली. सांगितलं, रोज नको, जमेल तेव्हा लिही. कुठल्या गावाला आहात, पाणी कुठून आणता, बैल काय खातात, आज काय नवीन बघितलं.

पाडव्यानंतर तो आला आणि वही माझ्या टेबलावर ठेवली. अकरा पानं लिहिलेली होती. पुढची पानं वडिलांनी खेपांच्या हिशोबाला घेतली होती: तारीख, गाडी, वजन. विठ्ठल ओशाळून म्हणाला, "आण्णाला कागद नव्हता."

त्या अकरा पानांत चार गावांची नावं आहेत. कोपी कशी बांधतात त्याचं चित्र आहे. बैलांना वाढे घातल्याचं आहे. एका पानावर फक्त एवढंच, "आज बारकी चालली." आणि हिशोबाच्या पानांवरून आम्ही पाचवीचं वजनमापाचं अख्खं प्रकरण शिकलो. टन, क्विंटल, सरासरी, सगळं खऱ्या आकड्यांवर. हिशोब फळ्यावर विठ्ठलनेच समजावून सांगितला.

मी खोटं सांगणार नाही. भागाकारात तो अजून मागे आहे आणि इंग्रजीत बराच मागे आहे. एका वहीने बुडालेले महिने भरून येत नाहीत. त्याने शाळेतच राहायला हवं होतं, हे माझं मत आजही तेच आहे. पण आता त्याला काय येत नाही याबरोबर काय येतं हेही मला माहीत आहे, आणि सुरुवात कुठून करायची हे त्यामुळे कळतं.

मित्रहो, तुमच्या वर्गातही असं कुणी असेल. ऊसतोडीचं, वीटभट्टीचं, मेंढरांमागे जाणाऱ्या धनगराचं पोर. ते परत आलं की पहिल्या दिवशी "किती बुडालं" असं विचारण्याआधी "कुठे होतास, काय पाहिलंस" एवढं विचारून बघा. आणि पालकांना एक विनंती: कामावर नेलंच तर पोराच्या पिशवीत एक वही आणि एक पेन असू द्या. हिशोबाला वेगळी वही घ्या!

विठ्ठलची काळ्या मातीची बाटली अजून वर्गाच्या खिडकीत आहे. यंदाच्या पाचवीला हा पाठ तीच दाखवून सुरू करणार आहे. तुम्ही हा उपक्रम केलात तर पोरांनी काय प्रश्न विचारले ते नक्की कळवा. उत्तर येत नसलं तरी चालेल, मिळून शोधू.